उसनी कुऱ्हाड

कुऱ्हाड सोडून जगातलं प्रत्येक हत्यार आमच्या घरात आहे.

आमचे हे बरीच वर्षं रशियात होते, उत्तरेच्या एका थंडगार शहरात, नगरपालिकेच्या बागखात्यात. नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्यात रीत नाही, पण सांगितल्याशिवाय तुम्हाला पुढचं कळायचं नाही, म्हणून एकदाच सांगते: होतम. तिकडे रस्त्याच्या कडेनं झुडपांच्या भिंती असतात. त्या सरळ रेषेत कापायच्या, कोपऱ्यावरच्या झुडपाचा गोल चेंडू करायचा, हे ह्यांचं काम. ह्यांच्याइतकी सफाई दुसऱ्या कुणाच्या हातात नाही असं मुकादम म्हणायचा म्हणे, आणि ते खरंही असेल. मी फोनवर फोटो बघितलेत. एका चौकात ह्यांनी झुडपाचं अस्वल केलं होतं. अस्वलाला कानसुद्धा होते.

मग एका वसंतात हे परत आले. कायमचा आलो म्हणाले. कपड्यांची पिशवी एवढीशी आणि हत्यारांचं पोतं बोकडाएवढं. त्यातलं लाडकं हत्यार म्हणजे दोन्ही हातांनी चालवायची लांब पात्यांची झुडपाची कात्री. ती त्यांनी भिंतीवर टांगली, माझ्या आईनं दिलेल्या सुझनीच्या भरतकामाशेजारी. मी टांगू दिली. नवरा फोनमधून बाहेर येऊन अंगणात उभा होता, मला तेवढं पुरे होतं. भिंतीवर त्यांनी नांगर टांगला असता तरी चाललं असतं.

पण दुसऱ्याच दिवशी ती कात्री घेऊन हे माझ्या जर्दाळूपाशी गेले.

हे झाड माझं. लग्नात बापानं मुळासकट ओल्या फडक्यात गुंडाळून दिलेलं. आमच्या इस्फाराच्या खोऱ्यात मुलीला सोनं कमी मिळालं तर चालतं, जर्दाळू वाईट जातीचा मिळाला तर सासू आयुष्यभर उणं काढते. माझा असा की बीसुद्धा गोड. पाटाच्या कडेला लावला आणि दरवर्षी छपरावर वाळवणाला जागा पुरायची नाही.

"अहो, काय करताय?" मी तंदुरापासून ओरडले. "जर्दाळू आहे तो, अस्वल नाही!"

"तू नान जाळू नकोस. आकार बघ नुसता."

आकार आला, खोटं कशाला बोलू. दुपारपर्यंत झाड असं गोल झालं की लोटलं असतं तर पाटातून वाहत गेलं असतं. आता आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं की जर्दाळू धरतो तो बोटभर लांबीच्या बुटक्या काड्यांवर. ह्यांनी बाहेरच्या साऱ्या बुटक्या काड्या सफाचट केल्या, आणि आतली गर्दी तशीच ठेवली, तिथं ऊन पोचेना. छाटणी म्हणजे आतून झाड मोकळं करायचं. करंगळीएवढ्या काडीला एका हाताची कात्री, तीही जिचं एक पातं दुसऱ्याला घासून जातं तसली. सुरी फळीवर आपटावी तसं जिचं पातं आपटतं, ती वाळकी काडी तोडायला ठीक, ओली फांदी चिरडून ठेवते. अंगठ्यापेक्षा जाड झालं की लांब दांड्यांची कात्री. त्याहून जाड, मनगटाएवढं, तर वाकड्या पात्याची करवत, जी ओढताना कापते. हे सगळं ह्यांच्या पोत्यात होतं! कोरं करकरीत, तेल लावलेलं. पण ज्याचा हात ज्यावर बसला तेच तो उचलतो.

त्या वर्षी एकही जर्दाळू आला नाही. "झाडाला सवय व्हायला वेळ लागतो," हे म्हणाले. पुढच्या वर्षी पुन्हा गोल. पुन्हा काही नाही. "मातीच बिघडलीय." नाचता येईना अंगण वाकडं, मी म्हटलं, आणि त्या दिवशी ते जेवले नाहीत. गेल्या, म्हणजे तिसऱ्या उन्हाळ्यापर्यंत गल्लीनं झाडाचं नावच ठेवलं, 'होतमचं टरबूज'. वरातीतली माणसं मोटारी थांबवून टरबुजासमोर फोटो काढायची.

हसणाऱ्यांत मीही होते. सगळ्यांत मोठ्यानं मीच हसायची.

परवा, नवरोजचा वसंतातला सण तोंडावर आलेला, कळ्या अजून मिटलेल्या, हे चहाखान्यातून लवकर घरी आले. तिथं कुणीतरी म्हटलं होतं, "होतम अका," म्हणजे होतमदादा, " टरबूज कापलं की आम्हाला फोड पाठवा हं." हे ओट्यावर बसले. चहा थंड झाला तरी प्याला उचलेनात.

"सफरमुरोदचा फोन होता," शेवटी म्हणाले. सफरमुरोद म्हणजे ह्यांचा चुलतभाऊ, तिकडेच बागखात्यात आहे. "जागा निघालीय. उद्या त्या झाडाचा निकाल लावतो, मुळासकट. आणि रविवारी जातो."

"कुठं जाता?"

"तिकडे. तिकडे माझ्या कात्रीला मान आहे, मुन्झिफा. इथं मी नुसता हसण्यावारी गेलोय."

फोनमधला नवरा मी सांभाळलाय. आवाज येतोय का, येतोय, जेवलात का, जेवलो, बर्फ आहे का, आहे, झालं. ते पुन्हा नको होतं मला. देवाशपथ नको होतं. आणि तोंडातून काय निघालं? "जा की. अस्वल वाट बघत असेल."

ही माझी जीभ. हिलाच छाटायला कुणी कात्री केली असती तर बरं झालं असतं.

सकाळी हे खरंच उठले आणि झाडाला भिडले. आधी घडीची करवत काढली. ती मनगटाएवढ्या फांदीची, आणि माझ्या झाडाचा बुंधा चहाच्या समोवारापेक्षा जाड. सालीत शिरली, दोनदा ओढली आणि अडकून बसली. खेचली तर पातं वाकलं. मी दारात उभी राहून बटाटे सोलत होते. बटाटे त्या दिवशी भाजीला नकोच होते.

मग हे जाऊन गल्लीतल्या नोसिर बोबोंकडून, म्हणजे नोसिर आजोबांकडून, मोठी करवत घेऊन आले, दोन बाजूंनी दोन मुठी असलेली, ओंडके कापायची.

"ये इकडे," म्हणाले. "दुसरं टोक धर."

"मी?"

"मग कोण? ही एकट्यानं चालत नाही."

"माझं झाड माझ्याच हातानं कापू? आणि तेही तुम्ही रविवारी निघून जावं म्हणून? दुसरं टोक धरायला सफरमुरोदला बोलवा."

हे चिडले. एकटेच ओढायला लागले. दोन माणसांची करवत एकट्यानं ओढली की तिचं पलीकडचं टोक मासळीच्या शेपटीसारखं फडफडतं. कोंबड्या पळाल्या. करवत बुंध्यावरून घसरून ह्यांच्याच बुटावर आपटली. मला हसू आलं आणि त्याच वेळी रडूही आलं, दोन्ही एकदम आलं की माणूस शिंकतो, तशी मी शिंकले.

आता उरली कुऱ्हाड. आणि कुऱ्हाड आम्ही, म्हणजे ह्यांनी, गेल्या शरदात शेजारच्या तोशमत खाटकाला देऊन टाकली होती. "अडाण्यांचं हत्यार," असं म्हणून. आपलीच कुऱ्हाड उसनी मागायला हे तोशमतच्या दारात गेले. आमच्या आणि त्याच्या घरात नुसती मातीची भिंत, त्यामुळे सगळं ऐकू आलं.

"कुऱ्हाड दे जरा."

"कशाला, अका?"

"झाडाला."

एवढंच म्हणाले. आणि तोशमतचा आवाज पाघळला. "अहाहा! अका, शेवटी शहाणे झालात! अहो, हे आधीच करायला हवं होतं! रिसोलत मोमो! ओ मोमो! होतम अका झाडाला दम देणार आहेत! या सगळे!"

आता हे बघा. फळ न धरणाऱ्या झाडाला आमच्याकडे दम देतात. कळ्या फुटायच्या आधी घरधनी कुऱ्हाड घेऊन जातो, मोठ्यानं म्हणतो, फळ देत नाहीस काय, थांब, कापूनच टाकतो. कुऱ्हाडीच्या पाठीनं बुंध्यावर ठोकतो. मग दुसरं कुणी त्याचा हात धरतं, झाडाच्या वतीनं गयावया करतं, या खेपेला माफ करा, मी जामीन राहते. मग झाडाला एका वर्षाची मुदत मिळते. झाड घाबरतं आणि पुढच्या वर्षी धरतं. माझ्या काकाचं अक्रोडाचं झाड तर इतकं घाबरलं होतं की फांद्या मोडल्या. म्हणजे नवरोजच्या तोंडावर, वांझ झाड असलेला माणूस कुऱ्हाड मागतो, तो दुसऱ्या कशाला मागेल? खरंच कापायला? जर्दाळूचं झाड? आमच्या गावात असा विचारच कुणाच्या डोक्यात येत नाही.

हे अंगणात परत येईपर्यंत मागून अर्धी गल्ली आली होती. कुणी नान आणली, कुणी चहाची किटली. रिसोलत मोमोला तर खुर्चीसकट उचलून आणलं. मोमो म्हणजे आजी, गल्लीतली सगळ्यांत म्हातारी, तिच्याशिवाय बाळाचं नाव ठेवत नाहीत आणि मेलेल्याला उचलत नाहीत.

"बाजूला व्हा," हे म्हणाले. "मी खरंच कापणार आहे."

"व्वा!" तोशमत म्हणाला. "माझ्या अंगावर काटा आला बघा!"

"अहो, मी थट्टा नाही करत!"

"असंच! असंच म्हणायचं!"

"होतम," मोमोनं खुर्चीतून सांगितलं, "आवाज चढव थोडा. झाड जुनं आहे, त्याला कमी ऐकू येतं."

ह्यांचा चेहरा तांब्यासारखा लाल. माणसांना सांगून उपयोग नाही म्हटल्यावर ते झाडाकडेच वळले. "तीन वर्षं!" ओरडले. "तीन वर्षं तुला खत घातलं, पाणी पाजलं, तुझी एक काडी वाकडी राहू दिली नाही! तिकडे माझ्या हातची झुडपं लोक उभं राहून बघायचे! आणि तू? तू मला माझ्याच गावात तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस!"

बायकांनी टाळ्या वाजवल्या. मोमोनं डोळ्याला रुमालाचं टोक लावलं. "इतकं मनापासून कुणीच बोललं नव्हतं," ती म्हणाली. "माझा नवरा तर नुसता खाकरायचा."

मला मात्र टाळी वाजवता येईना. गर्दीत मी एकटीच होते जिला ठाऊक होतं की हा माणूस खरं बोलतोय. आणि माझ्या लक्षात आलं, हे सगळं ह्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं. झाडाला सांगितलं. मला सांगितलं असतं तर मी काय केलं असतं? हसले असते.

ह्यांनी कुऱ्हाड उचलली आणि हाणली. पाठीनं नाही. धारेनं. सालीचा ढलपा उडून तोशमतच्या टोपीवर पडला.

"उलटी, अका, उलटी धरायची असते," तोशमत ढलपा झटकत म्हणाला. "होतं असं. पहिलीच खेप आहे त्यांची." आणि पुढे होऊन त्यानं प्रेमानं ह्यांच्या हातातली कुऱ्हाड फिरवून दिली. ह्यांनी ती पुन्हा सुलटी केली. तोशमतनं पुन्हा उलटी. दोघं पोळपाटावर पोळी फिरवावी तशी कुऱ्हाड फिरवत बसले.

मोमोनं त्या घावाकडे बघितलं. मग ह्यांच्या चेहऱ्याकडे. मग माझ्याकडे. म्हातारीची नजर अधू झालीय असं तिची सून सांगत असते, सुनेचं डोकं ठिकाणावर नाही.

"मुन्झिफा," ती म्हणाली, "तू काय पाहुणी आहेस? झाड तुझं ना? मग गयावया कोण करणार, तोशमत?"

मी सुरी आणि बटाटा खाली ठेवला. जाऊन बुंध्याला पाठ लावून ह्यांच्या समोर उभी राहिले. ठरलेले शब्द मला लहानपणापासून पाठ आहेत. माफ करा, अजाण आहे, मी जामीन राहते. तोंड उघडलं, ते आठवेनातच.

"त्याचा काय दोष," मी म्हटलं. "त्याला जे येतं ते इथं कुणाला नको, आणि इथं जे हवं ते त्याला कुणी नीट शिकवलं नाही. घरात शिकवणारी होती, ती दारात उभी राहून दात काढत होती."

"छान चाललंय," गर्दीतून कुणीतरी कुजबुजलं.

"फळ नाही दिलं तर नाही दिलं. मी बाजारातून आणीन जर्दाळू. सकाळी दार उघडलं की अंगणात उभं दिसतं, मला तेवढं बस आहे. रिकामं अंगण मी पुष्कळ वर्षं झाडलंय. एकटीनं झाडलंय. लोक हसतात, हसू देत. माझी जीभ झडो, मीही हसले. पण जाऊ नका. माझ्यासाठी राहा. जाऊ नका हो."

बायका मुसमुसत होत्या. तोशमतच्या बायकोनं बाजूनं माझा दंड ओढला. "जाऊ नका नाही गं, वहिनी," ती हळूच म्हणाली, "कापू नका, असं म्हणतात."

"मला ठाऊक आहे काय म्हणतात ते," मी म्हटलं.

ह्यांनी कुऱ्हाड खाली सोडली. माझ्याकडे असं बघत राहिले, जणू मी अंगणात आत्ताच कुठून तरी उगवले.

"होतम," मोमो म्हणाली, "झाड उभं आहे, उत्तर दे. किती मुदत?"

"एक वर्ष," हे पुटपुटले.

"कुणाला सांगतोस, बुटाला? मोठ्यानं."

"एक वर्ष!"

"हं. आणि मुदत देणाऱ्यानं पुढच्या बहराला इथंच उभं राहायचं असतं, ठाऊक आहे ना? तो निघून गेला तर झाड म्हणतं, दम देणाराच पळाला. मग ते जन्मात धरत नाही. त्याचं बघून शेजारची झाडंही बिघडतात."

मी चाळीस वर्षं या खोऱ्यात काढली, असला नियम कधी ऐकला नव्हता. तोशमतनंही नव्हता. "मोमो, हे कधीपासून?" त्यानं विचारलं.

"माझ्या आजीपासून. तू मध्ये बोलू नकोस."

तोशमतचं तोंड पांढरं पडलं. त्याची बाग भिंतीपलीकडेच, आणि सगळी ऐन भरातली. "अका," तो ह्यांचा हात धरून म्हणाला, "तुम्ही या गल्लीतून हललात तर बघा! पासपोर्ट द्या इकडे, मी सांभाळतो!"

मग चहा झाला, नान मोडली, माणसं आपापल्या घरी गेली. कुऱ्हाड तोशमत घेऊन गेला, ती आता देत नाही म्हणाला. मी शेणमाती कालवली आणि ह्यांनी ती घावावर थापली, कडेकडेनं, बोटानं गुळगुळीत करत, हात छानच आहे त्यांचा. मग पोतं उलटं केलं आणि त्यातून एका हाताची कात्री शोधून माझ्यापुढे धरली. "हीच ना?" मी म्हटलं हीच. आतली एक काडी मी कापून दाखवली, दुसरी त्यांनी कापली. नेमकी बुटकी काडीच कापली, मी ओठ दाबून धरले.

संध्याकाळी सफरमुरोदचा फोन आला. मी शेजारीच बसले होते.

"नाही येत," हे म्हणाले. "नाही, आजारी नाही. शब्द दिलाय... कुणाला म्हणजे? झाडाला." तिकडून असं हसू फुटलं की मलाही ऐकू आलं. "हसतोस काय, आख्खी गल्ली साक्षीला आहे," हे म्हणाले आणि फोन ठेवला.

मला राहवलं नाही. "लग्न होऊन एवढी वर्षं झाली," मी म्हटलं, "मला कधी शब्द दिला नाहीत. दिलात तो झाडाला."

ह्यांनी प्याल्यातला चहा फिरवला. "तू मागितलास कधी?" अगदी हळू म्हणाले. "दर खेपेला बॅग भरताना मी थांबून थांबून भरायचो. तू एकदाही म्हणाली नाहीस, राहा म्हणून. आज पहिल्यांदा ऐकलं."

एक टोमणा तयार होता, अगदी ओठावर. तो मी गिळला.

"मग अजून एकदा ऐका," म्हटलं. "जाऊ नका."

"सांगितलं ना, नाही जात," हे म्हणाले, आणि चहासाठी प्याला पुढे केला.